फोडणीआधीची वाटी

बाळाला वरचं अन्न सुरू करणाऱ्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका. मुक्ताईनगर तालुक्यासाठी लिहिलेली. रावेर-यावलकरांनी वापरायला हरकत नाही.

पूर्वतयारी

या कृतीसाठी सर्वप्रथम एक बाळ लागतं. ते घरात नसेल तर ही मार्गदर्शिका कपाटात ठेवून द्या. लग्नाला वर्ष झालं की ती कधी बाहेर काढायची याची आठवण नातेवाईक करून देतातच, तेही न विचारता.

बाळ असेल तर त्याचं वय मोजा. हे वाटतं तितकं सोपं नाही. दवाखान्यात सांगतात, 'सहा महिने पूर्ण झाले की वरचं सुरू करा.' घरी येईपर्यंत त्याचं 'सहावा लागला की सुरू करा' असं होतं. सहावा लागला म्हणजे झालेले महिने पाचच. जागतिक आरोग्य संघटना आणि आपले बालरोगतज्ज्ञ दोघेही १८० दिवस धरतात. तोवर फक्त आईचं दूध, वरून पाण्याचा थेंबही नको. मे महिना असला तरी नको. भुसावळच्या उन्हाचा दाखला देत बाळाला पाणी पाजायला येणारी मंडळी असतात. त्यांना बसवून पाणी द्या, बाळाला देऊ नका.

आता उष्टावण. रिवाजाप्रमाणे मुलाचं उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात. मुलीचं काम सोपं आहे: पाचवा सोडा, सातवा धरा. सातवा लागला म्हणजे सहा पूर्ण झालेले असतात. रिवाज राखला आणि डॉक्टरही राखले. मुलाचं मात्र अडतं. सहावा धरला तर घाई होते आणि आठव्यापर्यंत थांबलं तर उशीर, कारण सहा महिन्यांनंतर नुसतं दूध पुरत नाही. पोटात असताना आईकडून मिळालेला लोहाचा साठाही तोवर संपत आलेला असतो. यावर उपाय एकच. खाणं सातवा लागताच सुरू करा आणि सोहळा आठव्यात करा. मामाला बोलवा, चांदीची वाटी काढा, सोन्याच्या अंगठीने खीर चाटवा. (अंगठी आधी धुवा. ती मामाच्या बोटातून आलेली असते आणि मामा मोटारसायकलवरून.) बाळ आयुष्यातला पहिला घास घेतंय असे फोटो काढा. बाळ कोणाला काही सांगणार नाही.

साहित्य

एक केळं.

तापी-पूर्णेच्या या पट्ट्यात नजर जाईल तिथे केळी आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२१ मध्ये शेजारच्या तांदलवाडीची २२ टन केळी दुबईला रवाना झाली. पण खाण्याजोगं पिकलेलं एक केळं हवं असेल तर केळीच्या बागेत जाऊन उपयोग नाही. घड पूर्ण भरायच्या आधीच, हिरवा असताना कापतात, कारण त्याला पुढे उत्तरेच्या वाटेवर ट्रकमध्ये दिवस काढायचे असतात. तेव्हा शेतात टनावारी माल उभा आणि घरात बाळापुरतं पिकलेलं एकही केळं नाही, हे इथलं नेहमीचं चित्र. मग बागेचा मालक स्वतःच्या बागेवरून गाडी काढतो, बसस्टँडवरच्या हातगाडीवरून डझनाच्या भावाने केळी घेतो आणि परत येईपर्यंत पुटपुटत राहतो. व्यापाऱ्याने आपला माल क्विंटलला काय भावाने नेला हे त्याला पाठ असतं; भागाकार करायला तो नाराज असतो.

यापेक्षा बरी वाट अशी की कापणीच्या दिवशी एक फणी मागून ठेवावी. ती घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकावी, सोबत एखादं पिकलेलं फळ ठेवावं. पिकलेल्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि शेजाऱ्याला पिकवतो. शहरातल्या रायपनिंग चेंबरमध्ये हाच वायू मोजून सोडतात. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे. साल पिवळीधमक आणि गर मात्र दडदडीत असं केळं दिसलं तर ते बाळाला नको, तुम्हालाही नको. सालीवर तपकिरी ठिपके आले, पाहुण्यांपुढे ठेवायची लाज वाटू लागली, की केळं बाळासाठी तयार झालं असं समजा.

याखेरीज एक वाटी, एक चमचा आणि साबणाने धुतलेले हात. हात धुणं हे साहित्यात धरलं आहे, कारण कृतीत लिहिलं की ते कोणी वाचत नाही.

कृती पहिली

केळं सोला. अर्धं वाटीत घ्या आणि चमच्याच्या पाठीने चेचा. झालं. उरलेलं अर्धं तुम्ही खा. पुढच्या काही महिन्यांत बसून खायला मिळेलच असं नाही.

खरं तर मार्गदर्शिका इथेच संपायला हवी होती. ती संपत नाही, कारण तुम्ही केळं चेचत असताना स्वयंपाकघराच्या दारात कोणीतरी येऊन उभं राहतं.

"पोराले केळं कायले देते वं माय? सर्दी होईन त्याले!"

ज्या घरात हे वाक्य उच्चारलं जातं त्या घराचा स्लॅब, ट्रॅक्टर आणि थोरल्या मुलीचं लग्न, सगळं केळीवर झालेलं असतं. साऱ्या देशाच्या पोरांना केळी पुरवणाऱ्या तालुक्यात केळं थंड समजतात ही गोष्ट बाहेर फुटू देऊ नये, बाजारभाव पडेल. तुम्ही शांतपणे सांगा की सर्दी विषाणूने होते आणि विषाणू केळ्यातून येत नाही, बाळाचा मुका घ्यायला आलेल्या माणसातून येतो. हे पटत नसेल तर मुका घ्यायला आलेल्याच्या हातात एकेक केळं द्या. निदान तोंड गुंतलेलं राहील. केरळात तर कुन्नन नावाच्या कच्च्या केळीची वाळवून केलेली पूड शिजवून बाळांना देतात, पिढ्यान् पिढ्या. आणि केरळातला पाऊस आपल्यापेक्षा कमी नाही.

आता केळ्याचा एक दोषही सांगितला पाहिजे, मग भावकीला राग आला तरी चालेल. केळ्यात लोह नावापुरतं असतं. पपई, चिकू, आंबा यांचंही तेच. सहा महिन्यांच्या बाळाला सगळ्यात जास्त निकड असते लोहाची, आणि नुसत्या फळांच्या गरावर ती भागत नाही. केळं ही सुरुवात आहे. केळ्यावरच महिना काढला तर बाळ गुटगुटीत दिसेल आणि रक्त कमी भरेल.

उपकरणं

१९२७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, फ्रीमाँट नावाच्या गावी, डोरोथी गर्बर नावाची एक आई आपल्या तान्ह्या मुलीसाठी मटार हाताने गाळून गाळून वैतागली. तिच्या सासरचा भाज्या डबाबंद करायचा कारखाना होता. 'हे काम तुमच्या यंत्रांवर का होत नाही?' असं तिने नवऱ्याला विचारलं आणि पुढच्या वर्षी गाळलेल्या भाज्यांचे डबे दुकानांत आले, अशी कंपनीची कथा आहे. त्यातून बाळाच्या खाण्याचा जगभरचा धंदा उभा राहिला. त्या बाईच्या माहेराहून कोणी एक पुरणयंत्र पाठवलं असतं तर हे काहीच झालं नसतं.

आपल्याकडे पुरणयंत्र आहे. होळी, आखाजी आणि पोळा सोडले तर ते माळ्यावरच असतं. ते काढा, धुवा, बारीक भोकांची चकती लावा. शिजलेलं गाजर, गंगाफळ, बटाटा, वाटाणा, भिजवलेली खारीक, काहीही त्यातून फिरवलं की साल आणि दोर वर राहतात, गर खाली उतरतो. वीज लागत नाही, हे आपल्या तालुक्यात लहानसहान कौतुक नाही. मिक्सर चालेल, पण मिक्सरची एक खोड आहे: तो सगळं फारच गुळगुळीत करतो. पहिले काही आठवडे ते ठीक. सातवा-आठवा सरता सरता मात्र घासात थोडे कण, थोड्या गुठळ्या यायला हव्यात. दात नसले तरी हिरड्या कामाच्या असतात. नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत नुसती लापशी चाटवली की पुढे पोर वर्षाचं होऊनही भाताचं शीत लागलं तरी ओकारी काढतं, आणि मग 'याला काही गिळताच येत नाही' म्हणून त्यालाच बोल लावतात.

'बेबी फूड मेकर' नावाचं चार पात्यांचं, तीन झाकणांचं यंत्र ऑनलाइन मिळतं. घेऊ नका. विसोबाच्या सांगण्यावरून कुंभाराने खापर दिलं नाही तेव्हा मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजले, अशी कथा आहे. जे गाव त्या मुक्ताईचं नाव लावतं, त्या गावाने चमच्याने होणाऱ्या कामासाठी यंत्र मागवणं बरं दिसत नाही.

डबाबंद पावडरीबद्दल एवढंच: १९९२ च्या कायद्याने आपल्या देशात बाळाच्या दुधाच्या पावडरीची, बाटलीची आणि दोन वर्षांखालच्या मुलांच्या तयार खाण्याची जाहिरात करायला मनाई आहे. म्हणून ती टीव्हीवर दिसत नाही. ती पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या पिशवीतून घरात येते. डब्यावर केळ्याचं चित्र असतं. ते केळं कुठल्या तालुक्यातलं हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

कृती दुसरी, आणि पाण्याबद्दल थोडं कडवट

गंगाफळाची एक फोड घ्या. साल आणि बिया काढा, वाफवा, घोटा. वाफवताना भांड्यात उरलेलं पाणी फेकू नका, पण तेच बाळाला पाजून 'भाजी दिली' असंही म्हणू नका.

इथे मार्गदर्शिकेचा सूर थोडा चढेल, त्याला नाइलाज आहे. आपल्या घरांत बाळाला जे 'वरचं' म्हणून दिलं जातं त्यात पाणीच फार असतं: वरणाच्या वरचं पाणी, भाताची पेज, मुगाचं कढण, भाज्यांचं उकळलेलं पाणी, मोसंबीचा रस. हे सगळं प्रेमाने, गाळून, कोमट करून दिलं जातं आणि त्यात खायला काही नसतं. डाळीतली डाळ खाली बसते, ती मोठ्यांच्या ताटात जाते. बाळाचं जठर त्याच्या वजनाच्या दर किलोला साधारण ३० मिलिलीटर एवढंच मावून घेतं. सात-आठ किलोच्या बाळाच्या पोटात एक मोठी वाटी भरते. ती पाण्याने भरली तर पोट भरलं, रडणं थांबलं, बाळ झोपलं आणि वाढ मात्र झाली नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय दिवसाला साधारण २०० कॅलरी वरून लागतात. त्या पेजेच्या पाण्यातून मिळवायच्या तर बाळाला दिवसभर पाण्याखाली बसवावं लागेल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची फेरी सांगते की देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या शंभर मुलांपैकी जेमतेम अकरांना पुरेसा आहार मिळतो. ज्यांना मिळत नाही त्या साऱ्यांच्या घरी अन्नच नसतं असं नाही. कित्येकांच्या घरी ते पातेल्यात खाली बसलेलं असतं.

म्हणून परीक्षा अशी घ्यायची. चमच्यात घास घ्या आणि चमचा तिरपा करा. घास ओघळून पडला तर पातळ आहे. चमच्याला धरून राहिला तर बरोबर आहे. वर अर्धा चमचा घरचं तूप किंवा तेल सोडा, म्हणजे थोड्याच घासात ताकद येईल. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. आठव्यापर्यंत हळूहळू अर्धी वाटी, दोन-तीनदा. नऊ ते अकरामध्ये अर्धी वाटीच, पण तीन-चारदा. या सगळ्या काळात आईचं दूध चालूच. ते बंद करायला कोणी सांगितलेलं नाही.

उरलेलं संध्याकाळसाठी झाकून ठेवू नका. मार्च ते जून आपल्याकडे बाहेर तासाभराच्या वर ठेवलेलं अन्न बाळाच्या कामाचं नाही. बर्फाच्या ट्रेमध्ये आठवड्याच्या भाज्या गोठवून ठेवायची युक्ती अखंड वीज असलेल्या गावांसाठी आहे.

कृती तिसरी: भरीत

हा भाग मुंबईच्या वाचकांनी जपून वाचावा, कारण ते याला पाककृती समजतील. ही पाककृती नाही, वेळेचा प्रश्न आहे.

जळगावचं भरताचं वांगं घ्या. यालाही मानांकन आहे. कपाशीच्या काड्यांवर भाजा, साल काढा, ठेचा. आता थांबा. वांग्याचा मऊ, धुरकट, पांढरट गर तुमच्यासमोर आहे. अजून मिरची पडलेली नाही, कांद्याची पात पडलेली नाही, मीठ नाही, तेलाची फोडणी नाही. या क्षणी त्यातली अर्धी वाटी बाजूला काढा, काळी पडलेली साल त्यात राहिली नाही ना, ते एकदा बघून घ्या. बाळाचं जेवण तयार आहे. पुढच्या पाच मिनिटांत त्या भरताचं जे होणार आहे ते पाहता ही वाटी वेळेवर निघणं फार महत्त्वाचं.

बाळाच्या सगळ्या स्वयंपाकाचं गुपित एवढंच. वेगळं काही शिजवायचं नाही, मीठ-तिखटाआधी थांबायचं. वरणाला फोडणी देण्याआधी घट्ट डाळ काढा आणि त्यात ज्वारीची भाकरी कुसकरून भिजवा. खिचडीत हळद टाकल्यावर आणि मीठ टाकण्याआधी वाटी काढा. गिलकं, दुधी, पालक, मेथी, सगळ्याला हाच नियम. शेवभाजीला हा नियम लागू नाही. शेवभाजीत बाळासाठी थांबण्याजोगी जागाच नसते.

वर्षभर मीठ नको. साखर नको, गूळही नको. यात खरा धोका बाळाकडून नसतो, चव बघणाऱ्यांकडून असतो. घरातला प्रत्येक मोठा माणूस बाळाच्या वाटीत बोट बुडवून चाखतो, तोंड वाकडं करतो, 'अगं, हे तर अळणी आहे, कसं खाईल लेकरू!' म्हणतो आणि तुमची पाठ वळताच चिमूटभर टाकतो. बाळाने आजवर मीठ खाल्लेलं नाही. जे माहीतच नाही त्यावाचून त्याचं अडत नाही.

लोहासाठी डाळी, मटकी, पालेभाजी, बाजरी, आणि सोबत लिंबाचा थेंब किंवा मोसंबीची फोड, म्हणजे लोह अंगी लागतं. अंडं सहा महिन्यांनंतर पूर्ण उकडून चालतं, कलेजी शिजवून घोटून चालते. ज्या घरात गळ्यात माळ आहे त्यांनी मागचं वाक्य ओलांडून पुढे यावं. शेंगदाण्याला घाबरणाऱ्यांसाठी: लंडनमध्ये झालेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास सांगतो की बाळाला लवकर, नियमित शेंगदाणा दिला तर पुढे त्याची ॲलर्जी कमी होते. मात्र बारीक वाटून, पाण्यात सैल करून. आणि बाळाला जुनाट इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. अख्खा दाणा, फुटाणा, अख्खं द्राक्ष हे काही वर्षं तरी नकोच. घशात अडकतं.

भरवणं

बाळाला टेकून बसवा. चमचा पुढे करा. बाळ तोंड उघडेल, घास आत घेईल आणि लगेच जिभेने बाहेर ढकलेल. इथे बहुतेक नवशिके कोसळतात. 'आवडलं नाही' असा निकाल देऊन दुसऱ्या भाजीकडे वळतात, तीही बाहेर येते, आणि चार दिवसांत घरभर जाहीर होतं की पोरगं अगदी आजोबांवर गेलंय. प्रत्यक्षात जीभ बाहेर ढकलणं ही बाळाची जुनी सवय आहे, दूध पिण्याच्या दिवसांतली. ती जायला वेळ लागतो. एकच भाजी आठ-दहा वेळा पुढे आल्यावर बाळ ती घेऊ लागतं. म्हणजे बाळाला गंगाफळ नाकारायला तुम्ही आठवडाभर तरी द्यावा.

बाळाने तोंड फिरवलं की जेवण संपलं. पाय धरून, नाक दाबून, टीव्ही लावून, 'बघ ट्रॅक्टर आला' म्हणत आणखी चार घास आत ढकलणं हे भरवणं नाही, भरणं आहे. ट्रॅक्टर दाखवायला हरकत नाही. जेवण झाल्यावर दाखवा.

नंतरची घबराट

हा भाग दोनदा वाचून ठेवा, कारण वेळ येईल तेव्हा वाचायची मनःस्थिती नसेल.

लंगोटात बारीक काळे धागे दिसले आणि घरात 'जंत, जंत' अशी ओरड झाली तर आधी बाळाने काल केळं खाल्लं होतं का ते आठवा. ते केळ्याचेच धागे असतात. बिटानंतर शी-शू लालसर होते. ते रक्त नव्हे. महिनाभर गाजर आणि गंगाफळ चालू असेल आणि बाळाचं नाक, तळवे पिवळसर दिसू लागले तर काविळीच्या झाडपाल्यासाठी गाडी काढू नका. डोळ्यांतला पांढरा भाग पांढराच आहे ना, ते बघा. पांढरा असेल तर ते गाजराचं रंगद्रव्य आहे; भाजी बदला, रंग उतरेल. पिवळा असेल तर गाडी काढा, पण दवाखान्याच्या दिशेने.

खरी घाबरण्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ती घरात हसतखेळत येते: मध. बोटावर घेऊन बाळाच्या जिभेवर चाटवलेला. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते काही करत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात मात्र रुजतात आणि त्यांच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडतात. मध कितीही शुद्ध असला, सातपुड्यातून ओळखीच्या माणसाने स्वतः आणून दिलेला असला, तरी वर्षभर नको. शुद्धपणाचा इथे संबंध नाही.

वडीलधारी मंडळी

सगळ्यात अवघड कृती ही. वाटी घट्ट करणं जमतं, आजीला 'नाही' म्हणणं जमत नाही.

पण आपल्या तालुक्याला याबाबतीत मोठा आधार आहे. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं मंदिर आहे. कथा सांगते की चांगदेव चौदाशे वर्षांचे योगी होते, वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन फिरायचे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून कोरा कागद पाठवला. तो पाहून लहानग्या मुक्ताबाईने शेरा मारला की चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. चांगदेव चिडले नाहीत. पुढे त्या पोरीलाच त्यांनी गुरू केलं. तेव्हा वयाने मोठ्या माणसाने लहानाचं ऐकणं ही या मातीतली रीत आहे. फक्त सासूबाईंना चांगदेव म्हणायच्या आधी दोनदा विचार करा.

प्रत्यक्षात काम होतं ते दुसऱ्या मार्गाने. जे तुम्ही सांगून पटत नाही ते आशाताईंनी किंवा अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं की लगेच पटतं. गावोगावच्या अंगणवाड्या ज्या योजनेतून आल्या ती २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. म्हणजे आजच्या बऱ्याच आज्यांची पोरं अंगणवाडीतच वाढली. त्या ताईंचं तोंड गावात मानतात. ताईंना चहाला बोलवा आणि पाण्याचा विषय काढा.

आणि आजीचं सगळंच मोडीत काढू नका. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळणं तिला येतं. मोडांमुळे ती पचायला हलकी होते आणि लापशी घट्ट असूनही गिळायला सोपी जाते. सहाणेवर खारीक-बदाम उगाळण्याची तिची तऱ्हा कुठल्याही यंत्रापेक्षा बारीक आहे. जायफळाचे वेढे मात्र कमी करायला सांगा, शक्य तर बंद. बाळ शांत झोपतं ते जायफळाच्या गुंगीने. तासभर मांडीवर घेऊन, न रागावता, एकेक घास भरवायचा धीर आजीकडे असतो, तुमच्याकडे नसतो. म्हणून वाटी तुम्ही भरा आणि चमचा तिच्या हातात द्या.

नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस आणि सोबत अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस, दोन्ही सरकारी लसीकरणाच्या दिवशी फुकट मिळतात. तो दिवस चुकवू नका, केळी कापणीचा असला तरी.